लक्ष कुठे असतं तुझं? : अवधानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या पालकसभा, सोसायट्यांतली व्याख्यानं, कंपन्यांमधली सत्रं अशा ठिकाणी मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांतले हे नेहमीचे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एक तक्रार असते, नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल, वॉचमनबद्दल, कधी स्वतःबद्दल: नीट लक्ष दिलं असतं तर हे झालं नसतं. गेल्या सत्तरेक वर्षांतले प्रयोग वाचले तर या तक्रारीतली हवा बरीच निघून जाते.

लक्ष देतो म्हणजे डोक्यात नेमकं काय होतं?

निवड होते. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर काय काय चाललेलं असतं पाहा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत घोषणा चालू असतात, मागच्याची बॅग पाठीत रुतते, वडापावचा वास येतो, बुटात खडा टोचतो, खिशात फोन थरथरतो, इंडिकेटरवर आकडे बदलतात. हे सगळं एकाच वेळी इंद्रियांपर्यंत पोहोचतं. त्यातलं थोडंच कळतं आणि त्याहून थोडं आठवतं. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालीच लिहून ठेवलं की एका गोष्टीकडे मन लावायचं तर इतर गोष्टींतून ते काढून घ्यावं लागतं.

त्यानंतर काही दशकं हा विषय मागे पडला. तो पुन्हा वर आला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. रडारच्या पडद्यासमोर आणि नियंत्रण कक्षात बसलेली चांगली शिकलेली, जिवावर उदार होऊन काम करणारी माणसंसुद्धा समोरची खूण चुकवत होती. त्यांना आळशी म्हणणं शक्यच नव्हतं. मग माणसाकडे किती माहिती येते, त्यातली किती पुढे सरकते आणि कुठे अडते, असा विचार सुरू झाला. कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतलं बोधनिक मानसशास्त्र, यातूनच उभं राहिलं.

स्टेशनवर इतका गोंगाट असतो, तरी कुणी आपलं नाव घेतलं की मान वळतेच. हे कसं?

वळतेच असं नाही. त्याकडे येऊच, पण आधी प्रयोग.

१९५३ साली कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले. एका कानातला मजकूर ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत जायचा, दुसऱ्याकडे बघायचं नाही. नंतर विचारलं, दुसऱ्या कानात काय होतं? जवळजवळ काहीच सांगता येईना. मधेच इंग्रजीची जर्मन भाषा झाली, तेही कळलं नव्हतं. पण पुरुषाच्या जागी बाईचा आवाज आला किंवा नुसता एक सूर वाजला तर ते कळलं होतं. आवाजाची जात आत पोहोचत होती, शब्दांचा अर्थ नाही.

यावरून डोनल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ मध्ये गाळणीची कल्पना मांडली: आवाज कुठून येतो, कसा आहे एवढ्यावर निवड होते आणि बाकीचं अर्थ लागण्याआधीच अडतं. छान, सुटसुटीत सिद्धांत. पण पुढच्याच वर्षी नेव्हिल मोरे यांनी दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव पेरलं आणि सुमारे एक तृतीयांश लोकांनी ते ओळखलं. अर्थ अडत असेल तर नाव कसं ओळखू आलं? ॲन ट्रिझमन यांचं उत्तर असं की गाळणी बाकीचे आवाज बंद करत नाही, बारीक करते. स्वतःचं नाव, "आग", "चोर", बाळाचं रडणं अशा गोष्टींना मनात पोहोचायला बारीक आवाजही पुरतो.

आता "मान वळतेच" कडे. एक तृतीयांश लोकांनी नाव ओळखलं, म्हणजे दोन तृतीयांश लोकांना ते ऐकूच गेलं नाही. आपल्याला ऐकू आलेल्या हाका लक्षात राहतात. न ऐकलेल्या हाकांची मोजदाद आपण करणार कशी? त्यांची मोजदाद हाक मारणारा करतो, आणि घरी आल्यावर बोलून दाखवतो.

२००१ मधल्या एका अभ्यासाने आणखी गंमत दाखवली. डोक्यात एका वेळी जास्त माहिती धरून ठेवता येणाऱ्यांपैकी फक्त २० टक्के लोकांना आपलं नाव ऐकू आलं. ज्यांची ही क्षमता कमी होती त्यांच्यापैकी ६५ टक्क्यांना आलं. हातातल्या कामात जो नीट बुडालेला असतो, तोच हाकेला ओ देत नाही.

"काय म्हणालीस?" असं विचारतो, आणि बायको पुन्हा सांगायच्या आत मला तिचं वाक्य आठवतं. मग मी ऐकलं होतं की नव्हतं?

आवाज आत आला होता, उचलला नव्हता. कानावर पडलेलं बोलणं दोन-चार सेकंद जसंच्या तसं राहतं. तेवढ्यात लक्ष वळलं तर ते हाती लागतं, नाही तर विरतं.

डोळ्यांसाठी हेच जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये फार हुशारीने दाखवलं. तीन ओळींत चार-चार अशी बारा अक्षरं सेकंदाच्या विसाव्या भागापुरती दाखवली. लोकांना चार-पाच अक्षरं सांगता यायची, आणि वर ते म्हणायचे, "दिसली सगळी होती, सांगेपर्यंत गेली." त्यांचं म्हणणं खरं आहे का ते बघायला स्पर्लिंगनी अक्षरं नाहीशी झाल्यावर एक सूर वाजवला: उंच सूर म्हणजे वरची ओळ सांगा, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. आता कुठलीही ओळ विचारली तरी चारपैकी साधारण तीन अक्षरं येत होती. म्हणजे त्या क्षणी बहुतेक सगळीच अक्षरं मनात होती. सूर सेकंदभर उशिरा वाजवला की हा फायदा जवळपास संपायचा.

तेव्हा "काय?" विचारून लगेच "हो हो, दही आणतो" म्हणणारा नवरा नाटक करत नसतो. निदान दर वेळी तरी नाही.

ओटीपी लगेच लक्षात राहतो, मग आधार नंबर का राहत नाही?

ओटीपी लक्षात राहतच नाही. तो टाइप होईपर्यंत फक्त धरून ठेवलेला असतो. मधे कुणी "चहा घेणार का?" विचारलं की पुन्हा एसएमएस उघडावा लागतो. १९५९ मध्ये पीटरसन दांपत्याने मोजलं: तीन अक्षरं दिली आणि ती मनात घोकू नयेत म्हणून लगेच उलटे आकडे मोजायला लावले, तर १८ सेकंदांत बहुतेक अक्षरं गेलेली असायची.

ही जी तात्पुरती धरून ठेवण्याची आणि तिथेच उलटापालट करण्याची जागा आहे तिला कार्यरत स्मृती म्हणतात. ती स्वयंपाकाच्या ओट्यासारखी आहे: फडताळात कितीही डबे असोत, काम चालतं ते ओट्यावर मावेल तेवढ्यावरच. किती मावतं? जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, दोन कमी-जास्त, असा आकडा दिला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुराव्यांची नीट छाननी करून तो चारच्या आसपास आणला. हा आकडा सुट्या अंकांचा नसून गटांचा आहे, हे महत्त्वाचं. आधार क्रमांक १२ अंकी असला तरी कार्डावर चार-चारच्या तीन गटांत छापलेला असतो, तो त्याच गटांत वाचून बघा. मोबाइल नंबर आपण पाच-पाच करून सांगतो. दुसऱ्या कुणी तोच नंबर तीन-तीन-चार करून सांगितला तर आपला स्वतःचा नंबरही क्षणभर परका वाटतो.

गट किती मोठे करता येतात याची कमाल १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसली. एक साधा कॉलेज विद्यार्थी दीडेक वर्षाच्या सरावाने एकदा ऐकलेले ७९ आकडे ओळीने सांगू लागला. तो धावपटू होता, आकड्यांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून मनात ठेवायचा. पण आकड्यांऐवजी अक्षरं दिली तेव्हा तो पुन्हा सहावर आला. स्मरणशक्ती "वाढली" म्हणतात तेव्हा बहुतेकदा एवढंच झालेलं असतं, आणि ही काही लहान गोष्ट नाही. पाढे पाठ असणाऱ्या मुलाला गणित सोडवताना मोकळी जागा जास्त मिळते ती याच कारणाने.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये या जागेचे विभाग सांगितले: मनातल्या मनात बोलून धरून ठेवायचा एक, डोळ्यांसमोर चित्र धरायचा दुसरा, आणि या दोघांवर देखरेख करणारा तिसरा. हे विभाजन पुढच्या प्रश्नाला लागतं.

मुलगा दहावीला आहे. म्हणतो, गाणी लावल्याशिवाय अभ्यासच होत नाही. ऐकू द्यावं का?

काय ऐकतो आणि काय करतो, त्यावर आहे. क्रमाने पाठ करायचं असेल, वाचायचं असेल, तर शब्द असलेलं गाणं त्रास देतं. कारण बोलण्याचा आवाज थेट त्या "मनातल्या मनात बोलण्याच्या" विभागात घुसतो. १९७६ मधल्या एका प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या लोकांच्या कानावर जर्मन मजकूर पडत होता, त्यांना एक शब्दही कळत नव्हता, तरी पाठांतर बिघडलं. म्हणजे "गाणं कोरियन आहे, मला कुठे कळतंय?" हा मुद्दा टिकत नाही. पंख्याच्या घरघरीसारखा एकसुरी आवाज असा त्रास देत नाही. नुसत्या वाद्यसंगीताचा त्रास बोलण्याहून कमी असतो.

पण आकृत्या रंगवणं, वही उतरवून काढणं अशा कामांना गाणं चालतं. घरात टीव्हीवर मालिका चालू असेल आणि भिंतीपलीकडे ती ऐकू येत असेल, तर मुलगा हेडफोन लावतोय त्यात त्याची चूक काय? आधी टीव्ही बंद करा, मग त्याला गाण्यांचं सांगा.

मी ऐरोलीला आयटीत आहे. कॉल, चॅट, कोड सगळं एकत्र करावंच लागतं. मल्टिटास्किंग शिकता येतं का?

चालता चालता बोलणं येतं, कारण चालण्याला निर्णय लागत नाहीत. निर्णय लागणारी दोन कामं मात्र एकत्र होत नाहीत. ॲलन वेलफर्ड यांनी १९५२ मध्ये मांडलेला मुद्दा आजही उभा आहे: एका गोष्टीला काय प्रतिसाद द्यायचा हे ठरत असताना दुसरी गोष्ट आली, तर तिला रांगेत थांबावं लागतं. आपल्याला "एकाच वेळी" वाटतं ते भराभर अलीकडे-पलीकडे उड्या मारणं असतं, आणि प्रत्येक उडीला वेळ जातो. १९९५ मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी दाखवलं की पुढचं काम कुठलं हे आधीच माहीत असलं, तयारीला वेळ दिला, तरी बदल झाल्यावरचं पहिलं काम रेंगाळतंच.

हा वेळ सेकंदाच्या अंशांत मोजतात, त्यामुळे "एवढंच ना?" असं वाटतं. खरं नुकसान वेगळ्या जागी होतं. सोफी लरॉय यांच्या २००९ मधल्या अभ्यासानुसार अर्धवट टाकलेल्या कामाचा काही भाग मनात उरतो आणि पुढच्या कामाची जागा खातो. कॉल संपवून कोडकडे वळलात तरी क्लायंटचं शेवटचं वाक्य घोळत राहतं. यावर एक साधा उपाय आहे. उठण्याआधी, कॉल घेण्याआधी, "मी इथवर आलोय, पुढे हे करायचंय" अशी एक ओळ लिहायची. परत आल्यावर शोधाशोध करावी लागत नाही, आणि मनही ते सोडायला लवकर तयार होतं.

"पण मला जमतं" असं म्हणणारे प्रत्येक सत्रात भेटतात. २०१० मधल्या एका प्रयोगात २०० जणांपैकी खरोखर ज्यांचं काहीच बिघडलं नाही असे २.५ टक्के निघाले. तीन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेतून दुसरा निष्कर्ष आला: जे सर्वांत जास्त मल्टिटास्किंग करतात त्यांनाच ते सर्वांत कमी जमतं, आणि ते स्वतःला मात्र सरासरीच्या वर समजतात.

यात माझं एक मत मिसळतो. कामाच्या जाहिरातींत "मल्टिटास्किंग येणं आवश्यक" असं लिहिणाऱ्यांना बहुधा म्हणायचं असतं की माणसं कमी आहेत.

घोडबंदर रोडला दीड तास जातो. ब्लूटूथवर बोललं तर काय बिघडलं? हात तर मोकळे असतात.

अडचण हातांची नाहीच. २००१ मध्ये डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी ड्रायव्हिंगसारखं काम देऊन पाहिलं. फोनवर बोलताना चुकलेले सिग्नल दुप्पट झाले, आणि फोन हातात आहे की हात मोकळे आहेत याने फरक पडला नाही. रेडिओ ऐकण्याने असं झालं नाही. २००३ मध्ये याच गटाने डोळे कुठे बघतात तेही मोजलं. हॅण्ड्सफ्रीवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्यालगतच्या फलकांवर गेली होती, पण नंतर विचारलं तर फलक आठवेनात.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं का चालतं? कारण त्यालाही रस्ता दिसत असतो. माजिवड्याला कुठल्या पुलावर चढायचं हे ठरत असताना तो आपोआप गप्प होतो, किंवा "डावीकडे घे" म्हणतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो ऐन वळणावर हप्त्याचं विचारतो.

मोटर वाहन कायद्याच्या २०१९ मधल्या दुरुस्तीने हातात फोन धरून चालवणं धोकादायक वाहनचालनात, कलम १८४ मध्ये, घातलं. कायदा हातापर्यंत पोहोचला आहे. डोक्यातल्या संभाषणापर्यंत पोहोचणं त्याला अवघडच. पाम बीच रोडसारखा सरळ, रिकामा रस्ता असेल तर हे आणखी कळत नाही, कारण काही घडत नाही तोवर बोलत बोलत गाडी उत्तम चालते.

समोर असूनसुद्धा दिसलं नाही, असं कसं होऊ शकतं? डोळे उघडेच होते ना?

अपघातानंतर पोलिसांना सांगितलं जाणारं "साहेब, बाईक दिसलीच नाही" हे वाक्य बऱ्याचदा प्रामाणिक असतं. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ मधला प्रयोग अनेकांनी पाहिला असेल: बॉल किती वेळा पास झाला ते मोजायचं, आणि मधून गोरिलाच्या वेशातली व्यक्ती चालत जाते. साधारण निम्म्या लोकांना ती दिसत नाही.

"पण ते हौशी लोक होते, तज्ज्ञाला दिसेल." हेही तपासून झालं आहे. २०१३ मध्ये २४ रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांची नजर त्या चित्रावरून गेली होती, हे यंत्राने टिपलं.

डॉक्टर निष्काळजी होते का? ते गाठी शोधत होते, आणि ते काम त्यांना सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी चांगलं जमत होतं. जे शोधतो त्याच्या रंगारूपाकडे लक्ष ताणलेलं असतं, बाकीचं कितीही मोठं असो. डावीकडून रिक्षा येतेय का हे बघणाऱ्याला रिक्षा दिसते. सायकलवाला दिसेलच असं नाही. वळण्याआधी दोनदा बघा असं सांगतात, ते दुसऱ्यांदा बघताना "आणखी काय आहे?" असं विचारून बघितलं तरच उपयोगी.

सोसायटीचा वॉचमन सीसीटीव्हीसमोर बसून असतो, तरी चोर निघून गेला. पगार कशाचा देतो आपण?

बसून असतो, यातच उत्तर आहे. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी ब्रिटिश हवाईदलासाठी हे तपासलं. घड्याळासारख्या तबकडीवर काटा एक-एक पाऊल पुढे जातो, क्वचित एकदम दोन पावलं जातो. तेवढं पकडायचं, दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच चुकणं वाढलं. मधे विश्रांती देऊन किंवा अर्ध्या-अर्ध्या तासाने माणूस बदलून ही घसरण बरीच थोपवता आली.

दुसरी अडचण दुर्मीळतेची. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बॅगांच्या एक्स-रेसारखी चित्रं दाखवली. निम्म्या चित्रांत शोधायची वस्तू असताना ७ टक्के वेळा ती सुटली. शंभरात एकाच चित्रात असताना ३० टक्के वेळा. जे जवळजवळ कधीच सापडत नाही, ते शोधणं मन लवकर सोडून देतं.

आता बारा तासांची पाळी, सोळा चौकोनांचा पडदा आणि वर्षातून एखादा चोर असा हिशेब मांडा. पुढच्या सर्वसाधारण सभेत वॉचमन बदलण्याचा ठराव येण्याआधी पाळी बदलण्याचा ठराव यावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. शिवाय त्याच वॉचमनने पार्सलं घ्यायची, गेट उघडायचं आणि पाण्याचा पंपही चालू करायचा असतो.

गॅस बंद केला की नाही, आठवतच नाही. विसरभोळेपणा वाढलाय का?

बहुधा नाही. वारंवार केलेली कृती सरावाने आपोआप होऊ लागते आणि तिला लक्ष लागेनासं होतं. लक्ष नाही म्हणून आठवणही नाही. आपोआप झालेली गोष्ट थांबवणं किती अवघड असतं ते जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये दाखवलं: हिरव्या शाईत "लाल" लिहिलंय, शाईचा रंग सांगा. जीभ अडखळते, कारण वाचणं थांबवता येत नाही. घरी मराठीत लिहून बघा, मुलांना मजा येते. नुकती अक्षरं शिकणारी धाकटी थोरल्यांच्या मानाने कमी अडखळते.

जेम्स रीझन यांनी लोकांना स्वतःच्या अशा चुकांची रोजनिशी ठेवायला लावली होती. चुका नवख्या कामांत कमी आणि अंगवळणी पडलेल्या कामांत जास्त निघाल्या. रविवारी कळव्याला मावशीकडे निघालेला माणूस ठाण्याला सवयीने रोजच्या ऑफिसच्या, ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर जाऊन उभा राहतो, ती हीच जात.

उपाय रेल्वेकडून घ्यावा. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल कुठला आहे ते एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानमध्ये कर्मचारी त्याच्या जोडीने बोटही दाखवतात. गॅसच्या बटणाकडे बोट दाखवून "बंद" म्हणा. घरचे हसतील, दारातून परत फिरणं वाचेल.

माणसाचं लक्ष आता गोल्डफिशपेक्षा कमी, आठ सेकंदांचं झालंय म्हणे?

नाही. २०१५ च्या एका कंपनीच्या अहवालातून हा आकडा जगभर पसरला, आणि त्यामागे कुठलंही संशोधन सापडत नाही. गोल्डफिशचंही असं मोजमाप कुणी केलेलं नाही. आठ सेकंदांवाली पिढी तीन-साडेतीन तासांचा क्रिकेट सामना आणि रात्रभर वेब सिरीज बघते.

फोन सायलेंट करून उलटा ठेवला की पुरे ना?

बरंच होतं, कारण नुसती सूचना आल्याचा आवाज किंवा थरथर, फोन न उचलताही, एकाग्रतेच्या कामात चुका वाढवते; २०१५ मध्ये हे मोजलं गेलं. टेबलावर बंद करून ठेवलेला फोनसुद्धा डोकं खातो, असा २०१७ चा एक गाजलेला अभ्यास आहे, पण नंतरच्या प्रयत्नांत तो निष्कर्ष दर वेळी आला नाही. त्यामुळे फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा हट्ट मी पालकांना सांगत नाही. सूचना बंद करण्याचा सांगतो.

एकाग्रता वाढवणारी ॲप्स, ब्रेन गेम्स?

खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला गेला. रोजच्या जगण्यात फायदा होतो याला फारसा पुरावा निघाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लुमोसिटी हे ब्रेन गेम्सचं ॲप विकणाऱ्या कंपनीकडून फसव्या दाव्यांबद्दल २० लाख डॉलर वसूल केले. पैसे वाचवा.

पहाटेची लोकल पकडायची, रात्री बाराला झोपायचं. पाच-सहा तास झोप पुरते मला. पुरते ना?

पुरते असं वाटतं, हाच यातला धोका. २००३ मधल्या एका प्रयोगात लोकांना सलग १४ दिवस रात्री सहाच तास झोपू दिलं. त्यांचं सतर्कतेचं काम दिवसेंदिवस घसरत गेलं आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला आलं. झोप येतेय का, असं विचारल्यावर मात्र ते "थोडीशी" म्हणत होते. एकाग्रतेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न झोपेचा विचारतो आणि अनेकदा दुसरा विचारावा लागत नाही. डोंबिवली किंवा पनवेलहून रोज ये-जा करणाऱ्याला "आठ तास झोपा" सांगणं सोपं आहे, हे मान्य. निदान परतीच्या प्रवासात बसायला मिळालं तर रील्स बघण्याऐवजी डोळे मिटावेत.

मुलाचं लक्षच लागत नाही. शाळा म्हणते एडीएचडी असेल. डॉक्टरांना दाखवावं का?

अभ्यासात लक्ष न लागणं आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, यांत बरंच अंतर आहे. निदानासाठी तज्ज्ञ काही ठरावीक गोष्टी बघतात: लक्षणं किमान सहा महिने आहेत का, वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झाली का, शाळा आणि घर अशा दोन किंवा अधिक ठिकाणी दिसतात का, आणि त्यांमुळे रोजचं जगणं अडतंय का. फक्त गणिताच्या तासाला लक्ष नसेल तर गणिताच्या तासाकडे बघायला हवं. आणि मोबाइलवरचा गेम दोन तास मन लावून खेळतो, म्हणजे एडीएचडी असूच शकत नाही, हाही गैरसमज आहे. क्षणोक्षणी बक्षीस देणाऱ्या कामात या मुलांचंही लक्ष टिकतं.

दाखवावं. त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं न दिसणाऱ्या मुलाला "लक्ष नाही" असा शेरा मिळालेला असतो. निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडूनच करून घ्या, इंटरनेटवरच्या चाचणीवरून नको. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. आधी फोनवर बोलून बघायचं असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. त्यावर मराठीतून बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. जाताना शाळेच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या सोबत न्या. लक्ष कुठे तुटतं, कुठल्या विषयात तुटतं आणि कधीपासून, हे आईवडिलांच्या आठवणीपेक्षा वह्यांवरून जास्त नीट कळतं.